२५२० ही संख्या ‘एकमेव’ नाही

‘१ ते १० या सगळ्या अंकांनी भाग जाणारी जगातली एकमेव संख्या २५२०, ती रामानुजन यांनी शोधली आणि ती ७ × ३० × १२, म्हणजे आठवड्याचे दिवस, महिन्याचे दिवस व वर्षाचे महिने यांचा गुणाकार आहे,’ असा संदेश फिरतो आहे.

एकमेव नाही. ५०४०, ७५६०, १०,०८०... २५२० च्या पाढ्यातल्या प्रत्येक संख्येला १ ते १० ने भाग जातो. २५२० ही त्यांतली सर्वांत लहान, म्हणजेच शाळेत शिकलेला लसावि (लघुतम साधारण विभाज्य). तो काढताना १ ते १० सरळ गुणले की ३६,२८,८०० येतात, म्हणजे १४४० पट जास्त. कारण २, ३, ५ हे अवयव पुन्हापुन्हा मोजले जातात. प्रत्येक मूळ संख्येचा फक्त सर्वांत मोठा घात घ्यायचा: ८ मधून २³, ९ मधून ३², शिवाय ५ आणि ७. ८ × ९ × ५ × ७ = २५२०. याच रीतीने १ ते २० साठी २३,२७,९२,५६० येते.

दिवस-महिन्यांचे गणित जुळते, पण त्यात गूढ नाही. ३० × १२ = ३६०, आणि ३६० ला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. ७ ने गुणले की ती उणीव भरते. वर्षाचे दिवस मात्र ३६५.

लसाविची रीत प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या काळापासून ठाऊक आहे. रामानुजन यांचे काम याहून कितीतरी खोल आहे: स्वतःहून लहान कोणत्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर त्यांनी १९१५ मध्ये दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. ४८ विभाजकांची २५२० त्या संख्यांपैकी एक आहे. ६० विभाजकांची ५०४० हीसुद्धा.