फोर्ड यांची माफी आणि ही माफी एक नव्हे

एका लेखात अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी दिलेल्या माफीची तुलना अध्यक्ष फोर्ड यांनी १९७४ साली वॉटरगेट प्रकरणानंतर माजी अध्यक्ष निक्सनना दिलेल्या माफीशी केली आहे. मतदार काय तो हिशेब चुकता करतील, असा सूर आहे. मला हे अजिबात पटलं नाही. फोर्ड १९७६ ला हरले हे खरं, पण निक्सन तोवर राजकारणातून उठले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्या ७७ जणांना माफी मिळाली, ती ट्रम्प हरलेल्या २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल फिरवण्याच्या खटपटीबद्दल. म्हणजे ज्या मतपेटीने हिशेब चुकता करायचा, तिलाच हात घातला होता!

१४ डिसेंबर २०२० आठवा. जॉर्जियात बायडेन ११,७७९ मतांनी जिंकले होते. तरी अटलांटाच्या विधानभवनात ट्रम्प यांच्या बाजूचे १६ जण जमले आणि या राज्याचे इलेक्टर (राज्यातर्फे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी) आम्हीच, अशा कागदावर सह्या करून मोकळे झाले. केंद्राची माफी राज्यांच्या खटल्यांना लागत नाही, ठीक आहे. पण २०२८ ला असाच कागद कुणी पुढे सरकवला, तर सही करणाऱ्याचा हात थबकेल का? मला काळजी वाटते ती मतमोजणीच्या टेबलावर बसणाऱ्या साध्या माणसांची. धमक्या तेव्हाही त्यांनाच आल्या होत्या.