बालांगिगाच्या तीन घंटा आणि आमच्या नाशिकची एक

२०१८ च्या डिसेंबरातली गोष्ट. दुबईतल्या आमच्या ऑफिसच्या पँट्रीत एक फिलिपिनो सहकारी मोबाइल कानाला लावून उभा होता. बोलत नव्हता, नुसता ऐकत होता. डोळे भरलेले. मला वाटलं, घरून काहीतरी वाईट कळलं असावं. विचारलं तर त्याने फोन माझ्याच कानाशी धरला. घंटा वाजत होती. चर्चची घंटा, मागे माणसांचा कल्ला, आणि फोनच्या अगदी जवळ कोणीतरी रडत होतं.

"आमच्याकडची आहे," तो म्हणाला. "एकशे सतरा वर्षांनी वाजली."

तो सामार बेटावरचा. मातृभाषा वाराय. बालांगिगा हे त्याच्या आईचं गाव. समुद्राकाठचं एवढंसं गाव, समोर लेतेचं आखात. याच आखाताच्या पलीकडच्या काठावर पालो नावाचं गाव आहे, आणि ते मात्र जगाला ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात, २० ऑक्टोबर १९४४ ला, अमेरिकेचा जनरल मॅकआर्थर तिथे पाण्यातून चालत किनाऱ्यावर आला, त्याचं स्मारक आहे. उथळ तळ्यात सात माणसांचे मोठाले पुतळे, जणू आत्ताच बोटीतून उतरलेत. सातांत फिलिपिनोही आहेत, परागंदा सरकारचे अध्यक्ष ओस्मेन्या आणि कार्लोस रोम्युलो, पण फोटोत नजर जाते ती गॉगलवाल्याकडेच. मनिलाजवळच्या बातान प्रांतातही तसंच. १९४२ च्या एप्रिलात शरण आलेल्या हजारो फिलिपिनो आणि अमेरिकी सैनिकांना जपान्यांनी ज्या रस्त्याने उपाशीतापाशी हाकत नेलं, त्या रस्त्यावर आज किलोमीटरमागे एक पांढरा खांब उभा आहे. ९ एप्रिलला देशभर सुट्टी असते. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण या युद्धात खलनायक कोण ते ठरलेलं आहे, जपानी. त्यामुळे स्मारक बांधणं सोपं जातं.

बालांगिगाचं तसं नाही. तिथला शत्रू अमेरिका होता.

फिलिपिन्समधून स्पेन गेला आणि अमेरिका आली, तेव्हाचा हा काळ. ऑगस्ट १९०१ मध्ये अमेरिकेच्या नवव्या इन्फन्ट्रीची (पायदळाची) एक तुकडी गावात मुक्कामाला आली. सुरुवातीला सगळं बरं चाललं होतं म्हणतात. मग कॅप्टनने गाव साफ करायचं काढलं, गावातल्या पुरुषांना वेठीला धरलं, रात्री त्यांना दोन तंबूंत कोंबलं. तंबू जेमतेम सोळा-सोळा माणसांचे. कोयते काढून घेतले, धान्य जप्त केलं. २८ सप्टेंबरच्या सकाळी सैनिक नाश्त्याला बसले असताना गावचा पोलीसप्रमुख व्हालेरियानो अबानादोर एका पहारेकऱ्याजवळून गेला आणि त्याची बंदूक हिसकावून त्याच्याच डोक्यात घातली. चर्चची घंटा वाजली. इशारा ठरलेला होता. गोष्ट अशी सांगतात की आदल्या रात्री बायकांच्या वेषातले पुरुष लहान मुलांच्या शवपेट्या घेऊन चर्चमध्ये आले होते. पेट्यांत कोयते होते. ७४ सैनिकांपैकी ४८ मेले.

दुसऱ्याच दिवशी अमेरिकनांनी गाव जाळलं. पुढे जनरल जेकब स्मिथने हुकूम सोडला: कैदी नकोत, मारा आणि जाळा, सामारचा अंतर्भाग ओसाड करून टाका. किती वर्षांच्या वरच्यांना मारायचं, असं त्याच्या हाताखालच्या मेजर वॉलरने विचारलं तेव्हा उत्तर आलं, दहा. दहा वर्षं! १९०२ मध्ये स्मिथवर कोर्टमार्शल झालं. शिक्षा काय, तर समज. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने त्याला निवृत्त केलं, बस्स.

आणि चर्चच्या तीन घंटा सैनिकांनी विजयचिन्ह म्हणून उचलल्या. दोन गेल्या वायोमिंगमधल्या शायेनला, लष्करी तळावर. तिसरी नवव्या इन्फन्ट्रीबरोबर फिरत फिरत दक्षिण कोरियात पोहोचली.

सहकाऱ्याने एक शब्द दुरुस्त केला माझा. मी इंटरनेटवर वाचून 'बालांगिगा मॅसेकर' म्हणालो. तो म्हणाला, आमच्याकडे 'एन्काउंटर' म्हणतात, २८ सप्टेंबरला आमच्या ईस्टर्न सामार प्रांतात सुट्टी असते. (मुंबईतल्या आणि त्यांच्या 'एन्काउंटर'मध्ये किती फरक आहे हे मी त्याला समजावून सांगितलं नाही.) कत्तल म्हटलं की गाव गुन्हेगार ठरतं. एन्काउंटर म्हटलं की दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या राहतात. एवढ्या एका शब्दासाठी कायदा करावा लागला, १९८९ मध्ये.

फिलिपिन्सचे अध्यक्ष फिदेल रामोस यांनी नव्वदच्या दशकात घंटा मागितल्या, मिळाल्या नाहीत. अमेरिकेतल्या काही माजी सैनिकांचा विरोध होता, काही माजी सैनिक मात्र परत करा म्हणून वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिले. शेवटी अमेरिकेला आपला कायदा बदलावा लागला. ११ डिसेंबर २०१८ ला घंटा मनिलाच्या विमानतळावर उतरल्या, १५ ला गावात पोहोचल्या. १६ तारखेच्या पहाटेपासून तिकडे नाताळच्या आधीच्या नऊ पहाटप्रार्थना सुरू होतात, सिम्बांग गाबी. मुहूर्त आपोआपच साधला.

याच सुमारास मनिलातून सूचना आली की तिघींपैकी एक राष्ट्रीय संग्रहालयात ठेवू. बालांगिगाचं चर्च ज्याच्याखाली येतं त्या बोरोंगानच्या धर्मप्रांताने साफ नकार दिला. मला विचाराल तर योग्य केलं. काचेआड ठेवलेली घंटा म्हणजे वायोमिंगमध्ये होती तशीच. नुसता पत्ता बदलला. घंटा जिथे वाजायची तिथेच वाजली पाहिजे, मग तिला तडा गेलेला असला तरी चालेल.

हे मी त्याला तावातावाने बोललो आणि मग नाशिककराची खोड, फोनमधला नारोशंकराच्या घंटेचा फोटो काढून दाखवला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तिथल्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन आले, त्यातली ही आमच्या गोदाकाठी आहे, वगैरे. छाती जरा पुढेच होती.

त्याने फोटो मोठा करून पाहिला. म्हणाला, "मग तिकडच्या चर्चमध्ये आता काय वाजतं?"

मी म्हणालो, तिकडे बहुतेक सगळे अवशेषच आहेत. वसईच्या किल्ल्यात फिरलेल्यांना ठाऊक आहे, छप्पर नाही, मनोरे रिकामे. वसईचा गोन्सालो गार्सिया मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन पंथाचा संन्यासी झाला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मेला, हेही सांगितलं. बालांगिगाच्या घंटांवरही फ्रान्सिस्कनांचंच चिन्ह आहे, त्यामुळे हे त्याला लगेच जवळचं वाटलं. संत आपलाच निघाला म्हणाला.

नारोशंकराची घंटा उतरवा असं माझं म्हणणं नाही. पोर्तुगीजांनी उत्तर कोकणात काय केलं ते विसरायचं कारण नाही, आणि ती घंटा पावणेतीनशे वर्षं रामकुंडाजवळ आहे. तीही आता तिथलीच झाली. पण घाटावर भेटणारा प्रत्येक जण मला विजयाची गोष्ट सांगतो. कुठल्या चर्चची, तिथे ती कोणासाठी वाजायची, हे आजवर एकाने सांगितलेलं नाही, आणि पस्तीस वर्षं नाशकात काढून मीही कधी विचारलं नव्हतं. वसईत आजही मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक आहेत. त्यांच्यातल्या कुणाला घेऊन मी कधी त्या घंटेखाली उभा राहिलेलो नाही. दिवाळीला घरी जातोय. वसईचा एक कॉलेजमधला मित्र आहे, त्याला फोन केलाय. तो म्हणाला येतो, पण मिसळ तू खिलवायची.