दाजी, तुम्ही खाली थांबा

कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर पोचली की सरकारी भाषेत ती इशारा पातळी असते. आमच्या गल्लीत तिला कपाट पातळी म्हणायला हरकत नाही. ४३ फुटांना धोका. या मधल्या चार फुटांत तळमजल्यावरचा संसार वरच्या मजल्यावर न्यायचा, हा आमचा पावसाळ्यातला कुळाचार. २०१९ ला आणि २०२१ ला नदी ५० फुटांच्याही पुढं गेली होती, त्यामुळं हल्ली बायको ३७ फुटांनाच पदर खोचते.

गाद्या, मिक्सर, देव, टीव्ही हे तासाभरात वर जातं. राहतं ते लोखंडी कपाट. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, पुऱ्या मापाचं, बाहेर आरसा, आत तिजोरी. रिकामं असताना ९० किलो. 'रिकामं असताना' हे मी उगाच लिहिलं. ते रिकामं कुणी कधी बघितलेलं नाही.

"आतलं आधी काढून घेऊया की," मी म्हणालो.

"साड्याच तर आहेत. साड्यांचं काय वजन असतंय?"

काठापदराची रेशमी साडी पाऊण किलोच्या आसपास भरते. आहेरातल्या, न नेसलेल्या, 'ही पुढं कुणाला तरी देता येईल' म्हणून ठेवलेल्या धरून साठ तरी असतील. म्हणजे ४५ किलो. एकूण १३५. हा हिशेब मी मनातच केला. पतसंस्थेत वीस वर्षं काढल्यावर कुठला आकडा मोठ्यानं बोलायचा नाही हे कळतं.

मुलगी दहावीला. तिचा गुरुत्वाकर्षणाचा धडा नुकताच झालेला. "पप्पा, १३५ किलो हे त्याचं वजन नव्हेच. ते वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वी त्याला जेवढ्या बलानं खाली ओढते ते. गुणिले ९.८ करा. १३२३ न्यूटन."

"मग लक्ष्मीपुरीत जा आणि दहा न्यूटन कांदे आण बघू."

"किलोभराला जरा जास्तच येतील," ती म्हणाली. हिला चिडवता येत नाही. "आणि हेच कपाट चंद्रावर असतं तर एक षष्ठांश वजनाचं झालं असतं."

साडेबावीस किलो! माझ्या डोळ्यांपुढं मी एकटाच चंद्रावरचा जिना चढतोय असं चित्र उभं राहिलं. तेवढ्यात ती पुढं म्हणाली, "पण वस्तुमान तेवढंच राहतं. सरकत आलेलं कपाट थांबवायला तिथंही इथल्याएवढंच जड. अंगावर आलं तर लागणारच."

आता मुद्दा निघालाच आहे तर सांगतो. ज्या किलोवर आपण भाजीवाल्याशी भांडतो तो किलो म्हणजे पॅरिसजवळच्या तळघरात, तीन चाव्यांच्या तिजोरीत जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा होता. १८८९ पासून जगाचा किलो तोच. २० मे २०१९ ला त्याला निवृत्त केलं आणि किलोची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका कधीच न बदलणाऱ्या आकड्यावर बसवली. अडीच महिन्यांनी पंचगंगा आमच्या घरात आली. तिकडं तीन चाव्यांची तिजोरी रिकामी झाली तरी चालतं. इकडं एका चावीचं कपाट उघडायला बायको तयार नाही.

इचलकरंजीहून मेहुणा आला. जिमला जाणारा, टी-शर्टावर 'नाद खुळा'. आल्या आल्या त्यानं कपाटाला खांदा लावला. कपाट ढिम्म. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा सगळा जीव एकवटला आणि कपाट एकदम सुटलं, त्यामागोमाग मेहुणाही सुटला आणि आरशातल्या स्वतःच्या नाकावर जाऊन आदळला. जागचं हलेपर्यंत घर्षण जास्त असतं, हलल्यावर कमी होतं, असं मुलीनं हळद लावता लावता त्याला सांगितलं. आधी का सांगितलं नाहीस, असं त्यानं विचारलं. त्यावर ती म्हणाली, "विचारलं नव्हतं."

मग पायांखाली ओलं गोणपाट घालून कपाट जिन्यापर्यंत आणलं. इथं मेहुण्यानं ते ऐतिहासिक वाक्य उच्चारलं.

"दाजी, तुम्ही खाली थांबा. मी वरनं धरतो. वरनं ओढायला ताकद लागती."

मला बरं वाटलं. जावयाचा मान. चार पायऱ्या चढल्यावर कळलं की मान कसला, कपाट तिरकं झालं की त्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथं एकवटल्यासारखं वागतं तो बिंदू, खालच्या माणसाकडं सरकतो आणि बराचसा भार त्याच्याच गळ्यात पडतो. मेहुणा वरून "हां दाजी, हां दाजी" करत होता. एका हातानं.

जिन्याच्या वळणावर कपाट अडकलं. वर जाईना, खाली येईना. मी खालून छातीवर पेलून उभा. घामानं डोळे चुरचुरत होते.

"पप्पा, गंमत सांगू? आत्ता तुम्ही शून्य कार्य करताय."

"काय?"

"बल लावताय, पण विस्थापन नाही. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. शून्य."

माझे साहेबही दर मार्चअखेरीस हेच म्हणतात, फक्त सूत्र सांगत नाहीत. स्नायू आतल्या आत सारखे आखडत असतात, त्यात शक्ती जाते, म्हणून घाम येतो, हे तिनं नंतर कबूल केलं. तोवर माझा हात बधिर झाला होता.

त्या अवस्थेत मला २०१९ आठवलं. पाणी ओसरल्यावर घरात शिरलो तेव्हा हेच कपाट पलीकडच्या कोपऱ्यात पालथं पडलेलं. चौघांना न हलणारं कपाट नदीनं एकटीनं, फिरवून, लोळवून ठेवलं होतं. कपाटाचा तळ ९० सेंटीमीटर बाय ५०. तळाच्या वर २० सेंटीमीटर पाणी चढलं की ९० लिटर पाणी बाजूला सरतं, म्हणजे ९० किलो. फटीतून पाणी आत शिरलं नाही, तर रिकामं कपाट वीतभर पाण्यात उचललं जातं! मी खिडकीतून नदीच्या दिशेनं जरा आशेनंच बघितलं.

इतक्यात शेजारचे वस्ताद आले. वय सत्तरीच्या पुढं. तरुणपणी खासबागेत, शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या मैदानात, कुस्त्या मारलेले.

"काय रं, कपाटासंगं कुस्ती धरलीया व्हय?"

"अडकलंय वस्ताद."

"जोर लावायच्या आधी जोड बघावी. आणि असं ताठ कशाला हुबा ऱ्हायलाईस? गुडघ्यात वाक. पाय फाकीव."

वाकलो. काय सांगू, छातीवरचा भार मांड्यांवर उतरला. पैलवान आखाड्यात वाकून, पाय रुंद करून उभा राहतो त्यामागं हेच. गुरुत्वमध्य खाली, पाया रुंद, की पाडणं अवघड. वस्तादांना न्यूटन ठाऊक नाही, पण न्यूटनला त्यांनी बहुतेक चीतपट केला असता.

"आता हिकडची कड पायरीवर टेकवा. ह्या एका कोपऱ्यावर घ्या. त्याचं वजन त्यालाच पेलू दे, तुम्ही फकस्त फिरवा."

त्यांनी वरच्या कडेला दोन बोटं लावली. खरंच दोन. कपाट एका पायावर गिरकी घेऊन वळलं. पुढं पायऱ्यांवर फळी टाकली. मार्केट यार्डात गुळाचे रवे ट्रकवर चढवताना टाकतात तशी. उंची ३ मीटर आणि जिन्याचा उतार ६ मीटर, म्हणजे घर्षण सोडलं तर जोर निम्माच लागतो. अंतर दुप्पट, पण ते कोण मोजतंय. दहा मिनिटांत कपाट वर.

मिसळ मागवली. मेहुण्यानं दोन वेळा कट मागून घेतला. मुलीनं वही काढली.

"१३२३ न्यूटन, ३ मीटर. ३९६९ ज्यूल. म्हणजे ०.९५ किलोकॅलरी."

"हजार की लाख?"

"शून्य पूर्णांक पंच्याण्णव. पाव ग्रॅम साखरेएवढं."

चार तास. एक नाक. माझी कंबर. पाव ग्रॅम साखर. वस्ताद मात्र शांतपणे तिसरा पाव मोडत होते.

रात्री नदी ४१ फुटांवरून मागं फिरल्याची बातमी आली. त्याच वेळी बायको टॉवेल काढायला कपाट उघडून खाली बसली आणि तळाच्या खणात बराच वेळ बघत राहिली. मग तिनं साड्यांच्या मागून एकेक करत दोन डंबेल्स बाहेर काढली. दहा-दहा किलोची. मागच्या जानेवारीत मी वजन कमी करायला आणलेली आणि फेब्रुवारीत कुणाला दिसू नयेत म्हणून तिथं सरकवलेली.

कुणी काही बोललं नाही. मेहुणा नाक चोळत माझ्याकडं बघत होता. मुलीनं परत वही उघडली.

"१५५ गुणिले ९.८, गुणिले ३," ती पुटपुटली. "पप्पा, अभिनंदन. १.०९ झालं."