फोटोला काच की लॅमिनेशन : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरातल्या व्यक्तिचित्रांच्या फ्रेमबद्दल मी जे लिहिले होते (फोटो मॅट, म्हणजे चमक नसलेल्या कागदावर काढावा आणि भोवती माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, ठेवून काचेखाली बसवावा), त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले तीन आक्षेप आहेत. मॅट कागदावर चेहरा निस्तेज दिसतो. कोकणातल्या दमट हवेत काचेच्या फ्रेमपेक्षा लॅमिनेशनच टिकते, आणि आपल्या आईवडिलांचा १९५८ सालचा लग्नातला फोटो लॅमिनेशन केल्यापासून बारा वर्षे भिंतीवर उत्तम राहिला आहे. शिवाय फोटोभोवती रुंद पांढरा माउंट सोडणे ही शहरी हौस असून आपल्या घरांत ती उपरी वाटते.

पहिला आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. मॅट कागदाच्या खरबरीत पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो, त्यामुळे गडद काळा रंग करडा दिसू लागतो. आणि कृष्णधवल व्यक्तिचित्रात बुबुळे, केस, काळी टोपी यांचा सारा जोर त्या काळ्यावरच असतो. मी सरसकट मॅटची शिफारस करायला नको होती. अशा फोटोची नवी प्रत काढताना लस्टर, म्हणजे बारीक कणीदार आणि अर्धवट चमक असलेला कागद घ्यावा. पूर्ण ग्लॉसी मात्र काचेखाली नको. साधी काच तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ८ टक्के परत फेकते, त्यामुळे चमक काचेमुळे येतेच. आणि गुळगुळीत पृष्ठभाग काचेला लवकर चिकटतो.

हे चिकटणे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी आजीचा एकच फोटो होता: नऊवारी नेसलेली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. फ्रेम करणाऱ्याने काच थेट फोटोवर बसवली होती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या त्या मुलखात मागचा पुठ्ठा ओलावा ओढून घेतो, फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि काचेला डकतो. मी मागचे खिळे काढले, पुठ्ठा उचलला आणि फोटोचा कोपरा हलक्या हाताने ओढला, तेव्हा डाव्या गालाचा रुपयाएवढा तुकडा काचेवरच राहिला. नथ अर्धी कागदावर होती आणि अर्धी काचेवर. अशा वेळी फोटो ओढायचा नसतो, काचेसकटच तो स्कॅन करायचा असतो, हे मला फार उशिरा कळले.

म्हणून माउंटला मी हौस म्हणू शकत नाही. त्याची दीड मिलिमीटर जाडी हेच काच आणि चेहरा यांच्यामधले अंतर असते. पांढरा रंग खटकत असेल तर साय किंवा राखी रंगाचा, बोटभर रुंदीचा माउंट घ्यावा, किंवा फ्रेमच्या खाचेत काचेखाली, बाहेरून न दिसणारी बारीक पट्टी बसवून घ्यावी. आम्लरहित माउंट थोडा महाग पडतो, पण साधा पुठ्ठा काही वर्षांनी पिवळा पडतो आणि तो डाग फोटोच्या कडांवर उतरतो.

लॅमिनेशनबद्दल आपले म्हणणे एका मर्यादेपर्यंत बरोबर आहे. समोरून ओल लागत नाही, काचेला चिकटण्याचा प्रश्न उरत नाही, आणि ज्या फोटोला हळदकुंकू लावले जाते तो ओल्या फडक्याने पुसता येतो. प्रतीला खुशाल लॅमिनेशन करावे. मूळ फोटोला मात्र कधीही करू नये. तो एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर चिकटवून वरून पातळ फिल्म दाबली जाते, आणि ती पुन्हा सुरक्षितपणे निघत नाही. फळीला कडेने पाणी लागले की ती फुगते आणि फोटोही तिच्यासोबत जातो. शिवाय मागची बाजू कायमची जाते. जुन्या स्टुडिओतले फोटो जाड कार्डावर चिकटवलेले असत आणि त्यावर स्टुडिओचे नाव, गाव, कधी घरातल्या कुणी शाईने लिहिलेली तारीख असे. कित्येक घरांत त्या व्यक्तीच्या हस्ताक्षराचा तेवढाच पुरावा शिल्लक असतो.

मांडणीबाबत आपल्या जुन्या घरांची रीत मला खरोखर शहाणपणाची वाटते. माजघराच्या दारावर फोटो पुढे कलते टांगलेले असत, त्यामुळे काचेत खिडकीऐवजी जमिनीचे प्रतिबिंब पडे आणि खालून पाहणाऱ्याला चेहरा स्वच्छ दिसे. मागून हवाही खेळे. आज आपण फ्रेम भिंतीला सपाट चिकटवतो आणि जांभ्याची भिंत पावसाळ्यात ओल थेट पुठ्ठ्याला देते. निदान खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावेत. बाहेरची भिंत शक्यतो टाळावी, आणि ऊन येणारी तर नक्कीच.

आता आपल्या आईवडिलांच्या फोटोबद्दल. त्यावरची फिल्म कुणाकडूनही सोलून घेऊ नका. फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड ठेवून त्याचा समोरून नीट फोटो काढून घ्या, त्यावरून लस्टर कागदावर प्रत काढा आणि भिंतीवर ती लावा. मूळ फोटो कोरड्या कपाटात ठेवा, माळ्यावर नको. लग्नातल्या फोटोच्या प्रती पुष्कळदा दोन्ही घरी दिल्या जात, तेव्हा आपल्या आजोळी जुन्या ट्रंकेत दुसरी प्रत आहे का, हे एकदा अवश्य विचारा. मिळालीच, तर फ्रेम करायला देण्यापूर्वी तिच्या मागे काय लिहिले आहे ते आधी पाहा, आणि जमल्यास मलाही कळवा.