स्वच्छतामंत्र्याला पाणी कोण देणार?

'मुलांच्या हाती जबाबदारी दिली की शाळा आपोआप स्वच्छ राहते,' हे शाळेच्या स्वच्छतेवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं शिकवलं. आमच्याकडेही दरवर्षी मुलांमधूनच शालेय मंत्रिमंडळ निवडलं जायचं. खिचडी वाढण्याआधी स्वच्छतामंत्री सगळ्यांना हात धुवायला रांगेत उभं करायचा. पण नळाला पाणीच नसेल तर त्या पोरानं काय करायचं? सातवीतल्या एका मुलीनं मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसलेल्या दिवसांची वहीत रोज नोंद ठेवली. ती वही आम्ही शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात. आयांनी वही वाचली आणि पंधरा दिवसांत टाकी बसली.

शिवाय झाडू कोणाच्या हातात जातो, हे लेखात यायलाच हवं होतं. पाळ्या लावल्या नाहीत तर वर्ग झाडायला मुली आणि संडास धुवायला ठरावीक वस्तीतली मुलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावला, त्यात गुरुजींचीही नावं घातली. संडास धुण्याचं काम मात्र कोणत्याच मुलाकडे देऊ नये, त्यासाठी पगारी माणूस हवा.