पाच तास झोप म्हणे पुरते!

आज पालकसभेत टाळ्या पडल्या तेव्हा मी हात मांडीखाली दाबून बसले होते. नाहीतर उठून काहीतरी बोलले असते आणि मुलीनं माझ्याशी अबोला धरला असता.

झालं असं की दहावीच्या पालकांना मार्गदर्शन करायला एक वक्ते आणले होते. कॉलरला माइक, मागे प्रोजेक्टर, सगळा थाट. तासभर बोलले. सार एवढंच, की दहावीच्या वर्षी झोप हा शत्रू. पाच तास भरपूर झाले. पहाटे चारला उठा, जग झोपलेलं असतं तेव्हा तुम्ही पुढे जाता. टाळ्या! मग शाळेनं जाहीर केलं की सोमवारपासून जादा तास सकाळी पावणेसातला. पुन्हा टाळ्या! माझ्या शेजारच्या बाई तर खूश होऊन कुजबुजल्या, "आयताराक णव वरांमेरेन न्हिदता गो आमचो. बरें जालें!" (रविवारी नऊपर्यंत झोपतो गं आमचा, बरं झालं!)

पावणेसातला. इथे गोव्यात डिचोलीच्या आतल्या वाड्यांवरून येणाऱ्या पोरांनी बालरथ, म्हणजे शाळेची बस, किती वाजता पकडायचा, याचा विचार त्या सभागृहात एकाही माणसानं केला नाही.

माझ्या यादीतल्या लोकांना हे नव्यानं सांगायला नको, पण डोकं फिरलंय म्हणून सांगते. वयात येताना मुलांच्या शरीरातलं घड्याळच उशिराकडे सरकतं. रात्र झाल्याची वर्दी देणारं मेलाटोनिन मोठ्यांपेक्षा उशिरा पाझरायला लागतं. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री साडेनऊला अंथरुणावर टाकलं तरी तो छताकडे बघत पडतो आणि पहाटे पाचला त्याच्या शरीराच्या हिशेबानं मध्यरात्र चालू असते. मेरी कार्स्केडन या संशोधक बाईंनी यावर हयात घालवली. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. पाच नव्हे हो, आठ ते दहा!

मोबाइलचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. आहे. पण मोबाइल यायच्या आधीही पोरं सकाळी उठत नव्हती, हे तुमच्या आयांना विचारा.

मला या विषयाचा एवढा राग का येतो, तर बाबांमुळे. बाबा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत होते. नाईट असली की सकाळी साडेसातला स्कूटरवरून घरी यायचे, वाटेत पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे (गोल पाव) घेऊन. चहात उंडो बुडवून खायचे आणि झोपायच्या खोलीत जायचे. आईनं त्या खिडकीवर जुनी घोंगडी खिळ्यांनी ठोकली होती. आम्ही पोरं अंगणात कुजबुजत खेळायचो. तरी अकराच्या सुमारास बाबा उठून बाहेर यायचेच, डोळे लाल, आणि पायरीवर नुसते बसून राहायचे. आई म्हणायची, ताक प्या, झोप येईल. ताकानं काय होणार?

तेव्हा मला वाटायचं, आम्हीच आवाज केला. पुढे कॉलेजात शिकले तेव्हा उलगडा झाला. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या बरोबर वर साधारण २०,००० पेशींचा एक पुंजका असतो. शरीराचं मुख्य घड्याळ ते. त्याला वेळ कळते ती मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून. बाबा रात्रभर जागून सकाळच्या लख्ख उन्हात स्कूटर चालवत यायचे, म्हणजे झोपायच्या ऐन तोंडावर त्या पुंजक्याला निरोप जायचा की दिवस उजाडला, उठा. मग घोंगडी ठोकून काय उपयोग? अकरा वाजता शरीर म्हणायचं, दिवस चढलाय. थकवा एकीकडे ओढायचा, घड्याळ दुसरीकडे.

आणि वाड्यावरचे लोक काय म्हणायचे? "दिसाचो न्हिदता तो!" दिवसा झोपतो म्हणे! रात्रभर यंत्रावर उभं राहून आलेल्या माणसाला आळशी म्हणणारे हे लोक स्वतः दुपारी एक ते चार दुकान बंद करून पंख्याखाली आडवे व्हायचे.

त्या दुपारच्या झोपेबद्दलही बोलू का? बोलतेच. म्हापशात भर दुपारी दुकानं बंद बघून बाहेरचे पाहुणे हसतात, सुशेगाद सुशेगाद (निवांत, आरामशीर) करतात. अहो, दुपारी येणारी ती पेंग जेवल्यामुळेच येते असं नाही. न जेवता बसवलेल्या माणसालाही ती येते. दिवसाच्या लयीतच ती घसरण आहे. आमच्या आज्यांनी काही वाचलं नव्हतं, पण दुपारची वामकुक्षी सोडली नाही. संध्याकाळपर्यंत घोरत पडलं तर रातची झोप जाते, हे खरं. तेवढं सोडून द्या.

मूळ गोष्ट फार जुनी आहे. १७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं लाजाळूच्या जातीचं झाड अंधारात ठेवलं. ऊन नाही, दिवस नाही, तरी पानं आपल्या वेळेला उघडत होती, मिटत होती. तीच लाजाळू, आपल्याकडे प्रत्येक बांधावर पायाला टोचते ती! पुढे १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेंझर यांनी फळमाशीत या घड्याळाचं जनुक शोधलं आणि २०१७ चं वैद्यकातलं नोबेल हॉल, रॉसबाश आणि यंग यांना या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल मिळालं. झाडाला घड्याळ, माशीला घड्याळ, फक्त आपल्या दहावीच्या पोरांना तेवढी इच्छाशक्ती!

आणि अभ्यास म्हणाल तर पाठांतर पक्कं होतं ते झोपेत. १९२४ मध्ये जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी अमेरिकेत दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरं पाठ करून घेतली होती. पाठ करून झोपल्यावर कमी विसरायचे, जागं राहिल्यावर जास्त. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट ही. रात्री बारापर्यंत इतिहासाच्या सनावळ्या घोकायच्या आणि पाचला उठून त्या मेंदूत मुरायच्या आधीच उपसून काढायच्या, याला आपण मेहनत म्हणतो.

(कोणीतरी खाली ब्रह्ममुहूर्ताचा फॉरवर्ड टाकणार आहे, मला दिसतंय. टाका. काही माणसं जन्मजात पहाटेची असतात, मान्य. माझी सासू त्यातली, चारला उठून तुळशीला पाणी. पण वय वाढतं तसं हे घड्याळ पुन्हा लवकरच्या बाजूला सरकतं. म्हणजे सासरे मंडळींना जे आपोआप जमतं, ते पोरांना जमत नाही म्हणून पोरं वाईट.)

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट राहिलीच. शेजारच्या महाराष्ट्रात २०२४ मध्ये आदेश निघाला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चांगलंच केलं. पण चिमुरडी पोरं तशीही कोंबड्याबरोबर उठून घर डोक्यावर घेतात! ज्यांचं घड्याळ खरोखर उशिराचं आहे ती आठवी ते बारावीची मुलं त्या आदेशाच्या बाहेर. कॅलिफोर्नियात २०२२ पासून कायदाच आहे, हायस्कूल साडेआठच्या आधी सुरू करायचं नाही. आणि आमच्याकडे पावणेसात, वर टाळ्या.

किनाऱ्यावरची मुलं तर आणखी कात्रीत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर नको, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. हणजुणे-वागातोरच्या कुठल्याही आईला विचारा, रात्री बाराला खिडकीच्या काचा कशानं थरथरतात. दहाचा नियम पाळून घ्यायची ताकद आपल्यात नाही. पोराला पाचला उठवायची तेवढी आहे.

बरं, शाळेचीही अडचण असते, ती मला कळते. बस एक, फेऱ्या दोन, मे महिन्यात दुपारचे वर्ग म्हणजे भट्टी. जादा तास घेणाऱ्या बाई स्वतः साडेचारला उठून डबे करून येणार आणि त्याचा पैसाही त्यांना धड मिळणार नाही. आज सभेत त्या मागच्या रांगेत बसून जांभई दाबत होत्या. त्यांच्यावर माझा राग नाही. मघाशी थोडा होता, आता लिहिता लिहिता गेला.

सभेनंतर बाबांना फोन केला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण झोप अजून तुकड्यातुकड्यानंच येते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरांना नाईट अलाउन्स देतात काय?"

मी हसले. मग रडू आलं. कारण बाबांना निदान तो मिळायचा. आणि सुट्टीचा दिवसही मिळायचा, जरी त्या दिवशी आमच्यात मिसळायचं म्हणून ते दिवसा जागायचे आणि घड्याळ पुन्हा पालथं करून घ्यायचे. म्हणूनच नाईटची कधी सवय झाली नाही त्यांना. वर्षातून एकदाच ते घड्याळ कामी यायचं, आमच्या देवळाच्या जत्रेत. रात्रभराच्या नाटकात तिसऱ्या अंकाला अख्खा मंडप कलंडलेला असायचा आणि बाबा एकटे ताठ बसून खलनायकाला दाद देत असायचे. गावात त्यांच्याइतका नाटकाचा दर्दी नाही, असा लौकिक होता.

रात्रपाळीची सवय होते, असं अजून सर्रास बोललं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००७ मध्ये शरीराची लय बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला कर्करोगाच्या संभाव्य कारणांत घातलं आणि २०१९ मध्ये रात्रपाळीचं नाव घेऊन तेच पुन्हा सांगितलं. ते लोक पोटासाठी जागतात. नर्स, पोलीस, कारखान्यातले कामगार, हॉटेलातली, मांडवीतल्या कॅसिनोवरची पोरं, त्यांना पर्याय नाही. दहावीच्या मुलांना आहे. आपण तो द्यायला तयार नाही, कारण आपल्याला झोप न मिळालेलं मूल बघून समाधान वाटतं. वाटतं की अभ्यास चाललाय.

शनिवारी पालक-शिक्षक संघाची बैठक आहे. मी जाणार आहे. मागणी एवढीच: जादा तास पावणेसातऐवजी शाळा सुटल्यावर घ्या, परतीच्या बसचं काय ते आपण सगळे मिळून बघू. त्या शाळेतले कोणी पालक हे वाचत असाल तर या, एकटीचं कोण ऐकणार? इनबॉक्समध्ये सांगितलंत तरी चालेल. आणि 'आमच्या वेळी' अशी सुरुवात असलेली कॉमेंट मी वाचणारच नाही, सरळ उडवणार.