नोकरी सांभाळून सीएफए: आधी परीक्षेचा महिना ठरवा

"लेव्हल वनचा अभ्यास कधीपासून सुरू करू?" सीएफए, म्हणजे चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्ट, या तीन लेव्हलच्या परीक्षेबद्दल नोकरीला लागून वर्ष-दोन वर्षं झालेली मुलं-मुली मला हे सतत विचारतात. चार महिने पुरतील का, सहा लागतील का, की आत्तापासूनच रोज थोडं थोडं वाचायला घेऊ? माझं मत असं आहे की सुरुवातीची तारीख सगळ्यात शेवटी ठरते. आधी परीक्षेचा महिना पक्का करायचा, आणि तो करताना अभ्यासक्रमाच्याही आधी आपल्या ऑफिसचं वर्ष बघायचं.

"जानेवारीत पुस्तकं उघड आणि जूनला परीक्षा दे," असं सिनियर सांगतात. त्यांच्या काळात ते बरोबरच होतं. तेव्हा पेपर कागदावर व्हायचा. पहिली लेव्हल जून आणि डिसेंबर अशी दोनदा, दुसरी आणि तिसरी फक्त जूनमध्ये. कामाचा कितीही डोंगर असो, तारीख बदलायची सोयच नव्हती. २०२१ पासून परीक्षा कॉम्प्युटरवर आली आणि आता लेव्हल वन फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर अशी वर्षातून चार वेळा असते. नोकरी करणाऱ्यांसाठी ही केवढी मोठी सोय आहे! पण फार थोडे जण ती नीट वापरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अर्ली रजिस्ट्रेशनला फी कमी पडते, म्हणून मुदत संपायच्या आत जो महिना समोर दिसेल तो धरला जातो. पुढे कळतं की परीक्षेआधीचे पाच-सहा आठवडे नेमके क्लोजिंगचे, म्हणजे ऑफिसात हिशोब बंद करण्याच्या धावपळीचे आहेत.

तुम्ही ऑडिटमध्ये असाल आणि तुमच्या क्लायंटचं वर्ष डिसेंबरला संपत असेल, तर फेब्रुवारीच्या वाटेला जाऊ नका. वर्ष मार्चला संपत असेल तर मे सोडा. ऑगस्ट किंवा नोव्हेंबर धरला तर ही धावपळ एक तर अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात येते, नाहीतर त्याआधीच उरकलेली असते. पहिल्या टप्प्यात आठवडा बुडाला तर पुढे भरून काढता येतो. शेवटच्या महिन्यात बुडाला तर तो गेलाच. ज्यांच्या कामाला तिमाही निकालांची लय असते, त्या रिसर्चमधल्या मंडळींनीही हाच हिशोब करावा.

आता तासांचं. सीएफए इन्स्टिट्यूट एका लेव्हलला साधारण ३०० तास धरायला सांगते. हा आकडा ऐकला की लोक लगेच "रोज दोन तास, म्हणजे पाच महिने" असा भागाकार करून मोकळे होतात. हे रोजचे दोन तास कुठून येणार, हे कुणी तपासत नाही. माझा आग्रह आहे की रजिस्ट्रेशन करण्याआधी दोन आठवडे चाचणी म्हणून अभ्यास करून बघा. कुठलाही विषय घ्या, घड्याळ लावा आणि खरोखर झालेले तासच लिहा. दहा तास स्क्रीनसमोर काढून आल्यावर रात्री बाँडच्या गणितातलं मॅकॉले ड्युरेशन आणि मॉडिफाइड ड्युरेशनचं पान उघडलंय, तोच परिच्छेद चौथ्यांदा वाचला जातोय आणि तरी खालचं उदाहरण सुटत नाहीये, तर तो तास वहीत धरू नका. ऑफिसला जाण्याआधीचा एक तास अशा रात्रीच्या दोन तासांच्या तोडीचा असतो, असं माझं ठाम मत आहे. ज्यांच्या डोक्यावर घरातल्या जबाबदाऱ्या आहेत त्यांना सकाळही मोकळी मिळत नाही, हे मला माहीत आहे. अशांनी आठवड्याला सहा-सातच तास धरावेत आणि लांबची परीक्षा घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

समजा चाचणीत आठवड्याला १२ तास निघाले. १८ आठवड्यांत २१६ तास होतात. शेवटच्या पाच आठवड्यांत ताण देऊन १६-१६ तास काढले तर आणखी ८०. झाले जवळपास ३००. आजारपण, लग्नकार्य, अचानक आलेलं ऑफिसचं काम यांच्यासाठी दोन आठवडे वर ठेवा. एकूण २५ आठवडे. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याला परीक्षा असेल तर मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुस्तक उघडायचं. कॉमर्सवाल्यांना फायनान्शियल स्टेटमेंट अॅनालिसिसमध्ये आणि इंजिनिअर मंडळींना क्वांटमध्ये, म्हणजे आकडेमोडीच्या विषयात, थोडे तास वाचतील, पण ते वाचलेले तास दुसरा एखादा कच्चा विषय तुमच्याकडून वसूल करतोच. म्हणून एकूण आकडा कमी करू नका.

मग आठवड्याला पुरेसे तास निघत असतानाही वर्षभर आधी का नको? कारण विसरणं. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं बरंचसं सुरुवातीलाच झपाट्याने निसटतं. दहा महिन्यांपूर्वी वाचलेलं डेरिव्हेटिव्हज परीक्षेच्या महिन्यात पुन्हा नव्याने वाचावं लागतं. मधे उजळणी ठेवली तर वर्षभर टिकवता येतं, हे मान्य. पण नोकरी करणारा माणूस पुढचा धडा पुरा करता करताच दमतो, उजळणीला वेळ उरत नाही. शिवाय अभ्यासक्रम कॅलेंडर वर्षाप्रमाणे बदलतो. यंदाची पुस्तकं वाचून पुढच्या फेब्रुवारीला बसलात तर काही रीडिंग, म्हणजे धडे, बदललेले निघू शकतात.

सगळ्यात जास्त जपायचे ते शेवटचे पाच आठवडे. १८० प्रश्न, सव्वादोन तासांची दोन सत्रं, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. एवढा वेग नुसत्या वाचनाने येत नाही, प्रश्न सोडवूनच येतो. कॅल्क्युलेटरचंच घ्या. परीक्षेला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस किंवा एचपीचा १२सी, एवढेच चालतात. बीए टू प्लस 'चेन' मोडवर, म्हणजे बटणं दाबाल त्याच क्रमाने हिशोब करत असेल तर २ + ३ × ४ चं उत्तर तो २० देतो, १४ नाही. अॅन्युइटीच्या, म्हणजे ठरावीक हप्त्यांच्या, एखाद्या गणितासाठी हप्ता मुदतीच्या सुरुवातीला धरणारा 'बिगिन' मोड लावला आणि परत काढायचा राहिला, तर पुढची सगळी हप्त्यांची उत्तरं थोडी थोडी चुकतात, आणि तसलं चुकीचं उत्तर पर्यायांत हमखास दिलेलं असतं. या सवयी हाताला लागायला वेळ द्यावा लागतो. एथिक्सचंही, म्हणजे व्यवसायातल्या नीतिनियमांचंही तसंच. १५ ते २० टक्के वजन असलेला हा एकच विषय, पण लोक तो "शेवटी वाचू" म्हणून बाजूला ठेवतात. तो आधी एकदा शांतपणे वाचून ठेवा आणि या पाच आठवड्यांत रोज त्याचे दहा-पंधरा प्रश्न सोडवा.

रजेचं बॉसशी रजिस्ट्रेशनच्या आधी बोला. परीक्षेआधी आठवडाभर तरी मिळते का, त्या काळात टीममधलं दुसरं कोण सुट्टीवर आहे, हे तेव्हाच कळलेलं बरं.

आणि नोव्हेंबरला बसणाऱ्यांना पुढचा प्रश्न पडतोच: लगेच मे महिन्यात लेव्हल टू द्यावी का? निकाल हातात येईपर्यंत जानेवारी उजाडतो. तिथून मेपर्यंत जेमतेम साडेचार महिने राहतात, आणि दुसऱ्या लेव्हलचा अभ्यास पहिल्यापेक्षा बराच खोल आहे. आठवड्याला १८ तास काढता येत असतील तर खुशाल द्या. १२च निघत असतील तर ऑगस्ट धरा.